‘अगदी फिट बसतात’ असे सांगून विकलेली चाके

गाडीची मूळ १५ इंची चाके काढून त्या जागी १६ इंची अलॉय व्हील आणि नवे टायर घेताना माझी कशी फसवणूक झाली, ते सविस्तर लिहीत आहे. यात विक्रेत्याने उघड खोटे फार थोडे सांगितले. जे सांगायला हवे होते ते मात्र एकही सांगितले नाही. ‘ही चाके तुमच्या गाडीला अगदी फिट बसतात, डोळे झाकून घ्या,’ असे तो म्हणाला आणि माझ्यासमोर एक चाक चढवून, नट आवळून, हाताने फिरवूनही दाखवले. चाक हबवर, म्हणजे ते ज्यावर बसते त्या मधल्या गोल भागावर, चढले म्हणजे ते गाडीला बसले, असा माझा समज होता. त्याला तो नेमका ठाऊक होता.

माझ्या गाडीची मूळ मापे अशी होती : चार नट, पीसीडी (नटांच्या भोकांच्या मध्यांमधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास) १०० मिलिमीटर, हबचा व्यास ५६.१ मिलिमीटर, रिमची रुंदी ६ इंच, ऑफसेट (चाकाची हबला टेकणारी बाजू रिमच्या मध्यरेषेपासून किती मिलिमीटर बाहेर आहे तो आकडा) ४५ आणि टायर १८५/६५ आर १५, ८८ एच. टायरचे माप ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकरवर होते, रिमची रुंदी आणि ऑफसेट मूळ चाकाच्या मागच्या बाजूला कोरलेले होते. मी ते कधी पाहिले नव्हते आणि विक्रेत्याने विचारले नाही. त्याने गाडीचे नाव विचारले आणि ‘चार नट ना?’ एवढीच खात्री करून घेतली. जो माणूस मापे न विचारता चाके दाखवू लागतो, त्याच्याकडे गाडीला योग्य चाक नसून खपवायचे चाक असते, हे मला तिथेच कळायला हवे होते.

त्याने दिलेल्या चाकाला चारऐवजी आठ भोके होती. चार १०० मिलिमीटर पीसीडीची आणि चार १०८ ची. एकच चाक दोन प्रकारच्या गाड्यांना चालावे म्हणून अशी भोके पाडतात आणि त्यात स्वतःहून काही गैर नाही. पण अशा चाकाचे मधले भोक कोणत्याही हबवरून जावे इतके मोठे ठेवलेले असते. माझ्या चाकात ते ६७.१ मिलिमीटर होते आणि हब ५६.१ चा. म्हणजे मधली पोकळी एकूण ११ मिलिमीटर, प्रत्येक बाजूला साडेपाच. कारखान्यातून आलेले चाक हबच्या कडेवर घट्ट बसते आणि त्यामुळे आपोआप मध्यावर येते; मोठ्या भोकाच्या चाकात ती पोकळी भरण्यासाठी हब रिंग नावाची कडी घालावी लागते. ती कडी मला दिली नाही. मी त्याविषयी ऐकलेलेच नव्हते, त्यामुळे मागितलीही नाही.

कडी नसली तर चाक मध्यावर आणण्याचे सारे काम नटांवर येते आणि इथे दुसरी चूक पहिलीवर चढली. माझ्या गाडीच्या मूळ नटांचे टोक गोलाकार होते, तर नव्या चाकातील बैठक शंकूच्या आकाराची. गोल टोकाचा नट शंकूच्या बैठकीत पूर्ण टेकत नाही. एका बारीक कडेपुरता स्पर्श होतो, चाक हवे तसे मध्यावर येत नाही आणि नट सैल होण्याचा धोका राहतो. नव्या चाकांसाठी शंकूच्या आकाराचे वेगळे नट लागतात. त्याने जुनेच नट आवळण्याच्या यंत्र-बंदुकीने आवळून दिले.

तिसऱ्या दिवशी मोठ्या रस्त्यावर वेग ८० च्या पुढे जाताच स्टिअरिंग थरथरू लागले. मी परत गेलो. त्याने चाक काढून बॅलन्सिंगच्या यंत्रावर लावले, वजने चिकटवली आणि यंत्रावर शून्य आलेले मला दाखवले. थरथर तशीच राहिली. असे तीनदा झाले आणि तिसऱ्या वेळी त्याने ठासून सांगितले की, यंत्र शून्य दाखवते आहे तेव्हा दोष तुमच्या गाडीच्या सस्पेन्शनमध्ये आहे. यातील मेख मला पुढे दुसऱ्या कारागिराने समजावली. यंत्रावर चाक मधल्या भोकातून शंकूने धरले जाते, म्हणून तिथे ते अचूक मध्यावर असते आणि बॅलन्स बरोबर येतो. गाडीवर मात्र तेच चाक नटांच्या भरवशावर किंचित सरकून बसते. शून्य दाखवणारे यंत्र खोटे नव्हते, पण त्या शून्यावरून गाडीला दोष देणे खोटे होते. या धंद्यात असलेल्या माणसाला हे माहीत नसेल, हे मला आजही पटत नाही. मी त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवून सस्पेन्शन तपासून घेतले. तिथे काहीही निघाले नाही.

दुसऱ्या कारागिराने चाक काढल्यावर पहिल्यांदा हब आणि भोक यांच्यातील तफावत दाखवली आणि मग व्हर्निअर कॅलिपरने दोन्ही व्यास मोजले. एक नट हाताने फिरण्याइतका सैल झाला होता. त्या चाकावर मी घरच्यांना बसवून प्रवास केला होता, हे आठवले की आजही अंगावर काटा येतो.

ऑफसेटचा हिशेब त्यानेच कागदावर मांडला. नवे चाक ७ इंच रुंद आणि ऑफसेट ३५ चे. रुंदी एका इंचाने, म्हणजे २५.४ मिलिमीटरने वाढली; ती दोन्ही बाजूंना निम्मी-निम्मी, म्हणजे १२.७ जाते. ऑफसेट १० ने कमी झाल्यामुळे संपूर्ण चाक आणखी १० मिलिमीटर बाहेर सरकले. त्यामुळे रिमची बाहेरची कड मूळ जागेपेक्षा सुमारे २३ मिलिमीटर बाहेर आली आणि आतली जेमतेम ३ मिलिमीटर आत गेली. दुकानात गाडी रिकामी उभी असताना मडगार्ड आणि टायर यांत अंतर दिसत होते. मागे तीन माणसे बसून खड्ड्यात चाक गेले की मात्र टायर मडगार्डच्या कडेला घासत असे आणि टायरच्या खांद्यावर, म्हणजे बाहेरच्या कडेवर, चारही बाजूंनी चरा पडला होता. म्हणून चाक चढवून पाहायचेच असेल, तर गाडीत माणसे बसवून आणि स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवून पाहावे. रिकाम्या गाडीला जॅकवर फिरणारे चाक काहीच सिद्ध करत नाही.

टायरच्या बाबतीतील फसवणूक याहून अधिक गंभीर आहे, कारण तिचा आवाज येत नाही आणि थरथरही होत नाही. मला १९५/५० आर १६, ८४ असा टायर दिला होता. मापातील पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो, दुसरा बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के ते आणि ‘आर’ नंतरचा रिमचा व्यास इंचांत. मूळ टायरचा एकूण व्यास काढू : १८५ चे ६५ टक्के म्हणजे १२०.२५, त्याची दुप्पट २४०.५ आणि त्यात १५ इंचांचे ३८१ मिळवले की ६२१.५ मिलिमीटर. त्याच रीतीने नव्याचा व्यास ६०१.४ येतो. चाक दिसायला मोठे, पण टायर प्रत्यक्षात २० मिलिमीटरने लहान! गाडी १० मिलिमीटरने खाली बसली आणि मूळ टायरवर वेगाचा काटा बिनचूक धरला, तर १०० दाखवताना गाडी सुमारे ९७ च्या वेगाने धावत होती. १९५/५५ आर १६ घेतला असता तर व्यास ६२०.९ आला असता, मूळच्या जवळजवळ बरोबर. विक्रेत्याकडे ५५ चा टायर शिल्लक नव्हता, म्हणून त्याने ५० चा दिला आणि ‘प्रोफाइल थोडी कमी असली की गाडी देखणी दिसते’ असे कारण सांगितले.

मापाच्या शेवटी येणारा आकडा बहुतेक लोक वाचतच नाहीत. मीही वाचला नव्हता. तो भारनिर्देशांक असतो. ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलो, ८४ म्हणजे ५०० किलो. चार टायर मिळून २४० किलोंची क्षमता माझ्या नकळत कमी केली गेली. भारनिर्देशांक मूळपेक्षा खाली जाता कामा नये, आणि इथे नुसते बरोबर माप मागूनही भागत नाही : १९५/५५ आर १६ हाच टायर ८७ मध्ये येतो, तो ५४५ किलोंचा, म्हणजे माझ्या गाडीला अपुराच, आणि जास्त भाराच्या बांधणीत ९१ मध्ये येतो, तो ६१५ किलोंचा. चाकालाही असाच भार सोसण्याचा आकडा असतो आणि तो मागे उमटवलेला असतो. माझ्या चाकांच्या मागे रुंदी आणि ऑफसेट होते, भाराचा आकडा नव्हताच. शिवाय टायरची बाजू उलटून पाहिली तेव्हा उत्पादनाचा चार अंकी शिक्का आतल्या बाजूला ठेवलेला आढळला. त्यातील पहिले दोन अंक आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात. त्या हिशेबाने ‘नवे’ म्हणून विकलेले टायर पाच वर्षांपूर्वीचे निघाले.

हे सारे लिहून मी विक्रेत्याकडे गेलो. त्याने बिल पुढे केले. बिलावर ‘अलॉय व्हील, टायरसह, चार नग’ एवढेच होते. ना पीसीडी, ना ऑफसेट, ना टायरचे माप. ‘फिट झाली नाहीत तर बदलून देऊ’ हे बोलणे तोंडीच होते आणि आता त्याचे म्हणणे असे की चाके फिट झाली होती, मी त्यावर गाडी चालवली होती आणि रिमवर चढलेला टायर परत घेतला जात नाही. माझी मूळ चाके त्याने बदल्यात घेतली होती; ती विकली गेल्याचे सांगितले. जुनी चाके नवी पूर्ण तपासून होईपर्यंत हातची सोडू नयेत, ही गोष्ट मी फार महागात शिकलो.

नंतर मी १५ इंची, मूळ मापाचीच चाके दुसरीकडून घेतली. या वेळी सहाही मापे आधी लिहून नेली, बिलावर उतरवून घेतली, मधले भोक ५६.१ असल्याचे समोर मोजून घेतले, टायरचा शिक्का बाहेर दिसेल असा बसवायला लावला आणि नट टॉर्क पान्याने, म्हणजे ठरावीक जोर लावणाऱ्या पान्याने, आवळून घेतले. ऐंशी किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासले, तेव्हा दोन नट थोडे आणखी आवळावे लागले. आठ भोकांची ती चाके अजून माझ्याकडेच आहेत. दोघांनी ती विकत मागितली. दोघांनाही मी भोकाचा व्यास आणि भाराच्या आकड्याची रिकामी जागा दाखवली, आणि दोघेही परत गेले.