आठ महिने, एक बॉक्स आणि बाल्कनीतली तुर्की डिश

मार्च २०२५मध्ये कंपनीच्या कामासाठी आम्ही तिघं पुण्याहून जर्मनीतल्या श्टुटगार्टला आलो. घरात इंटरनेट यायला पाच-सहा आठवडे लागणार होते. टीव्ही म्हणाल तर ऑफिसातल्या एकाने दिलेला जुना मॉनिटर. बाल्कनीच्या कठड्याला मात्र आधीच्या भाडेकरूची डिश तशीच लटकत होती. म्हटलं, फुकट दिसतंय ते बघू.

(‘फुकट’ हा शब्द जपून वापरा. इथे सार्वजनिक प्रसारणसंस्थांसाठी दर घरामागे महिना १८.३६ युरो भरावेच लागतात, टीव्ही असो वा नसो. पत्र येतंच.)

पहिला शहाणपणा पुण्यातच केला होता. घरचा जुना फ्री डिशचा सेट-टॉप बॉक्स बॅगेत टाकून आणला. तो एमपीईजी-२ या जुन्या तंत्राचा, एचडी त्याच्या गावीही नाही. इकडे एआरडी या सार्वजनिक प्रसारणसंस्थेने ७ जानेवारी २०२५ला उपग्रहावरचं एसडी (जुन्या, साध्या दर्जाचं) प्रसारण बंद करून टाकलेलं. पुढे डिश जुळल्यावर गंमत म्हणून तो लावून पाहिला, तर आरटीएलसारखे खासगी चॅनल दिसले, पण ज्यासाठी हा खटाटोप ते एआरडीचं मुख्य चॅनल ‘दास एर्स्टे’ नाहीच. खासगी चॅनलचं उलटं आहे: एसडी मोकळं, एचडी कुलपात. त्यासाठी वेगळे पैसे. मी भरले नाहीत.

मग साधारण ४५ युरोंचा छोटा बॉक्स घेतला. डीव्हीबी-एस२ (उपग्रहावरचं एचडी पकडणारा), एचडीएमआय, यूएसबी, १२ व्होल्टचा अडॅप्टर. दुकानात हाच मेनू तीन वेगवेगळ्या नावांखाली दिसला, त्यामुळे नावात पडत नाही. आणि तुमच्या टीव्हीत सॅटेलाइट ट्यूनर आधीच असेल (इथल्या बऱ्याच टीव्हींत असतो) तर बॉक्स घेऊच नका.

पहिल्या संध्याकाळी तयार यादीतून जर्मन चॅनलांचा उपग्रह ‘अॅस्ट्रा १९.२ पूर्व’ निवडला. स्ट्रेंग्थ ८०, क्वालिटी शून्य. अशा वेळी बॉक्स परत करावासा वाटतो. स्ट्रेंग्थची पट्टी एवढंच सांगते की केबल आणि एलएनबी (डिशसमोरच्या दांडीवरचा सिग्नल पकडणारा डबा) जिवंत आहेत. चित्र येतं ते क्वालिटीवर. यादी बाजूला ठेवून ब्लाइंड स्कॅन (यादीशिवाय, जे सापडेल ते शोधणं) लावला आणि बदाबदा तुर्की चॅनल आले. डिश ४२ अंशावरच्या तुर्कसॅटकडे बघत होती. दारावरच्या घंटीखाली अजून तुर्की आडनाव होतं, तेव्हाच कळायला हवं होतं.

पुण्यात आपली छत्री ९३.५ अंशावरच्या जीसॅट-१५कडे जवळजवळ ५९ अंश मान वर करून बघते. श्टुटगार्टहून अॅस्ट्रा फक्त ३३ अंशांवर, दक्षिणेला थोडासा पूर्वेकडे. त्यात डिश ऑफसेट, म्हणजे एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूला, म्हणून ती जवळपास उभीच दिसते, समोरच्या इमारतीच्या खिडकीत डोकावल्यासारखी. तेच बरोबर असतं हे मला पटायला अर्धा तास गेला. कठड्यावर मार्करने जुन्या जागेची खूण केली, नट सैल केले, दास एर्स्टेची फ्रिक्वेन्सी, पोलरायझेशन आणि सिम्बॉल रेट (११४९४, हॉरिझॉन्टल, २२०००) हाताने भरले, डिशची मान थोडी वर केली आणि ती बोटभर बोटभर उजवीकडे सरकवत गेलो. बायको आतून आकडे ओरडत होती. “शून्य. शून्य. शून्य. बारा... अरे थांब, गेलं!” प्रत्येक वेळी सरकवल्यावर दोन-तीन सेकंद हात बाजूला ठेवायचा, बॉक्सला समजायला तेवढा वेळ लागतो. शेवटी ७४ला घट्ट केली.

म्हणून परदेशात बॉक्स घेताना मी एकच बघेन: सगळं हाताने भरता येतं का. ब्लाइंड स्कॅन, फ्रिक्वेन्सी, एलएनबीची सेटिंग. तयार यादीवर चालणारा बॉक्स एका देशात राजा, दुसऱ्यात पेपरवेट.

मे महिन्यात चित्र फुटायला लागलं. बॉक्सला शिव्या घालून झाल्या, केबल बदलली. दोष समोरच्या चेस्टनटचा होता. मार्चमध्ये ते झाड नुसता सांगाडा होतं, आता पानांनी भरलं होतं. डिश कठड्याच्या दुसऱ्या टोकाला न्यावी लागली.

चित्र उत्तम. एआरडी आणि दुसरी सार्वजनिक संस्था झेडडीएफ ७२०पी (एचडीतला खालचा दर्जा) पाठवतात, पण सेकंदाला ५० फ्रेम, त्यामुळे फुटबॉल लख्ख दिसतो. खरा उपयोग झाला तो टेलिटेक्स्टचा, म्हणजे चॅनलबरोबर येणाऱ्या मजकुराच्या पानांचा. दास एर्स्टेवर पान १५०, झेडडीएफवर ७७७ उघडलं की जर्मन सबटायटल येतात, कर्णबधिरांसाठीची, मुख्य पात्रांना वेगवेगळे रंग. आमची सात वर्षांची कन्या नावं लक्षात ठेवत नाही. “पिवळी बाई खोटं बोलतेय, निळ्याला माहितीये” असं सांगते. रात्री आठच्या पंधरा मिनिटांच्या बातम्या मी आता निम्म्याहून जास्त समजतो. टेलिटेक्स्ट नसलेला बॉक्स स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका.

तक्रारी आहेत. रिमोटची बटणं दगडासारखी. रेकॉर्डिंग तासाला चार-पाच जीबी खातं आणि पेन ड्राइव्ह एफएटी३२ या जुन्या फॉरमॅटचा असेल तर फाइलचे तुकडे पडतात. वेळ मी एप्रिलमध्ये हाताने जीएमटी+२ भरली होती. २६ ऑक्टोबरला इथली घड्याळं तासभर मागे गेली, बॉक्स आपला उन्हाळ्यातच. मुलीच्या कार्यक्रमाऐवजी तासभर आधीचा तळ्यातल्या मासेमारीवरचा माहितीपट रेकॉर्ड झाला. तिने तो अख्खा पाहिला.

ऑगस्टमध्ये मित्राच्या कॅम्परमधून (राहण्याची सोय असलेल्या गाडीतून) बोडनझे या तळ्यावर गेलो तेव्हा १२ व्होल्टचं सार्थक झालं. बॉक्स गाडीच्या सॉकेटवर, छोटी डिश खुर्चीला बांधलेली. तळ्यापलीकडे ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड, पण त्यांच्या राष्ट्रीय चॅनलना कार्ड लागतं. तिथेही जर्मनच बघितलं.

आई फोनवर दर वेळी विचारते, सह्याद्री दिसते का. जीसॅट-१५ इथून क्षितिजाच्याही खाली आहे, कितीही मोठी डिश लावा. हे तिला अजून पटलेलं नाही.

जानेवारीत परत निघतोय. बॉक्स बॅगेत येईल. डिश राहील, आणि कठड्यावरची तुर्की खूणही. पुढच्या भाडेकरूला कुठली दिशा हवी असेल, काय सांगावं.