रोजच्या रतिबाचा हिशेबनीस : स्क्रिव्हनरमधील लक्ष्यांची सोय

ऑनलाइन लेखमाला स्वतःच्या बळावर चालवणाऱ्याला संपादकाचा फोन येत नाही, छापखान्याची तारीख गाठायची नसते आणि एखादा भाग चुकला तर त्याचा जाब विचारायलाही सहसा कोणी येत नाही. त्यामुळे स्वतःला कामाला जुंपण्याची व्यवस्था त्याची त्यालाच करावी लागते. मी आजवर ती वहीतल्या रकान्यांवर भागवली होती. यंदा बारा आठवड्यांची नवी लेखमाला हाती घेतली, तेव्हा स्क्रिव्हनर या लेखन-सॉफ्टवेअरमधील लक्ष्ये ठरवण्याची सोय मुद्दाम वापरून पाहिली. हे परीक्षण त्या एकाच सोयीचे आहे.

किथ ब्लाउंट यांनी घडवलेले हे सॉफ्टवेअर लिटरेचर अँड लाटे ही छोटी ब्रिटिश कंपनी २००७ पासून विकते. त्यातील लक्ष्यांच्या खिडकीत दोन पट्ट्या दिसतात. एक संपूर्ण मसुद्याची आणि दुसरी त्या दिवसाच्या बैठकीची. जसजसे लिहावे तसतशी पट्टी लालकडून हिरव्याकडे सरकते. इतके तर फुकटची साधनेही करतात. स्क्रिव्हनरचे वेगळेपण असे की, एकूण शब्दसंख्या, अखेरची तारीख आणि आठवड्यातले लिहिण्याचे वार एकदा सांगितले, की रोजचा वाटा ते स्वतःच काढते आणि परिस्थिती बदलली की पुन्हा काढते.

मी ३६,००० शब्द आणि आठवड्याचे पाच वार असा हिशेब मांडला होता, म्हणजे साठ दिवसांत रोज ६०० शब्द. पहिले दोन आठवडे गौरी-गणपतीच्या धामधुमीत एकही ओळ न लिहिता गेले आणि खिडकी उघडली तेव्हा समोर ७२० हा आकडा होता. वहीतला रकाना कोरा राहिला की आठवडाभर स्वतःला बोल लावण्याची माझी जुनी सवय आहे. इथे मात्र गेलेल्या दहा दिवसांचे शब्द उरलेल्या पन्नास दिवसांवर शांतपणे वाटून टाकलेले होते, आणि १२० शब्दांची ती वाढ पाहिल्यावर आपण समजत होतो तेवढे काही बुडालेले नाही, हे ध्यानात आले. उलट एखाद्या दिवशी हात सैल सुटला आणि हजार-बाराशे शब्द झाले, तर पुढचा वाटा थोडा उतरतो. सॉफ्टवेअरचा मोठेपणा मला या भागाकारात दिसला, रंगीत पट्टीत नव्हे.

अडचण वेगळ्याच ठिकाणी आहे आणि तिचा दोष सॉफ्टवेअरकडे जात नाही. शब्द मोजायचे म्हणजे दोन मोकळ्या जागांमधले जे काही असेल ते मोजायचे, ही पद्धत इंग्रजीच्या अंगाला बेतलेली आहे. ‘आईच्या घरासमोरच्या पारावर’ हे आपल्याकडे तीन शब्द झाले. इंग्रजीत एवढेच सांगायला आठ-दहा शब्द सहज खर्ची पडतात, कारण आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये नामाला चिकटून येतात. १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात सुरू झालेल्या नॅनोरायमो या महिन्याभरात कादंबरी लिहिण्याच्या उपक्रमाने नोव्हेंबरच्या तीस दिवसांत ५०,००० शब्द, म्हणजे रोजचे सुमारे १,६६७ शब्द, हे माप जगभर रूढ केले. २०२५ मध्ये त्या संस्थेने काम थांबवत असल्याचे जाहीर केले, तरी तिचा आकडा लिहिणाऱ्यांच्या डोक्यातून गेलेला नाही. मराठीत लिहिणाऱ्याने तो तसाच उचलला, तर तो इंग्रजी लेखकापेक्षा बराच अधिक मजकूर स्वतःवर लादून घेतो आणि मग स्वतःला आळशी ठरवतो. माझा ६०० चा आकडा त्यामुळेच आहे आणि त्याबद्दल मला कमीपणा वाटत नाही. (‘घरा समोर’ असे तोडून लिहिले की मोजणीत एक शब्द वाढतो, म्हणजे शुद्धलेखन बिघडवणाऱ्याला हा हिशेबनीस बक्षीसच देतो. दोन-तीनदा मोह झाला, हे कबूल करतो.)

छाटणीच्या दिवसांबाबतही आधी विचार करून ठेवावा. चांगला भाग हा पुष्कळदा दोनशे शब्द काढून टाकल्यावर उभा राहतो, पण पट्टीच्या लेखी ती घट असते. बैठकीचा आकडा शून्याखाली जाऊ द्यायचा की नाही, हे सेटिंगमध्ये ठरवता येते. मी तो जाऊ देत नाही. सकाळभर एक परिच्छेद घासूनपुसून घ्यावा आणि शेवटी समोर वजा १४० दिसावे, हे मला सोसत नाही. ज्यांना असा रोखठोकपणा मानवतो त्यांनी ती मुभा जरूर द्यावी. बैठकीची गणना मध्यरात्रीच शून्यावर आणण्याची सक्ती नाही, ही जागरण करून लिहिणाऱ्यांसाठी उपयोगाची बाब आहे.

दुसरीकडून आणून चिकटवलेला मजकूरही दिवसाच्या कमाईत जमा होतो. तुकोबांचे दोन अभंग उद्धृत केले आणि आपली पट्टी हिरवी झाली, तेव्हा ते पुण्य कोणाचे हे लेखकाने स्वतःच ओळखावे. यापेक्षा लेखनाचा इतिहास दाखवणारी यादी मला अधिक विश्वासाची वाटली. तिच्यात दिवसागणिक आणि महिन्यागणिक किती शब्द झाले हे दिसते. माझे बुधवार सातत्याने रिकामे का जातात, याचे उत्तर मला तिथे सापडले. मंगळवारी रात्री भाग प्रसिद्ध केल्यानंतर वाचकांचे अभिप्राय वाचण्यातच माझा दुसरा दिवस संपत होता. तेव्हापासून बुधवार लिहिण्याच्या वारांतून काढून टाकला आणि शनिवार घेतला.

आठवड्याला किती भाग प्रसिद्ध झाले, हे मोजण्याची सोय मात्र या खिडकीत नाही. तिला शब्द दिसतात, प्रसिद्धी दिसत नाही, आणि ऑनलाइन लेखकाचे खरे वेळापत्रक प्रसिद्धीचे असते. त्यासाठी माझी वही अजून चालू आहे. मॅक, विंडोज आणि आयफोन-आयपॅडसाठी स्क्रिव्हनर मिळते, पण अँड्रॉइडसाठी नाही. त्यामुळे लोकलमध्ये उभ्याने फोनवर लिहिणाऱ्या आपल्याकडच्या मोठ्या वर्गाला ते निरुपयोगी आहे आणि अशांना मी याची शिफारस करणार नाही. संगणकावर बसून दीर्घ मालिका लिहिणाऱ्यांनी मात्र ते अवश्य पाहावे. मासिक वर्गणी नसून एकदाच किंमत मोजावी लागते आणि चाचणीचे तीस दिवस कॅलेंडरचे नसून प्रत्यक्ष वापराचे धरले जातात. आठवड्यातून दोनच दिवस उघडले तर ते पंधरा आठवडे पुरतात, म्हणजे माझ्यासारखी बारा आठवड्यांची मालिका त्या वेगाने एक पैसाही न देता पुरी करून मग खरेदीचा निर्णय घेता येईल.