इसार देण्याआधी पायाचा खड्डा बघा

पोरींच्या शिक्षणासाठी दोन एकर ओलिताचं वावर विकून तालुक्याच्या गावी फ्लॅट घेतला. किंमत 23,40,000 रुपये. पहिल्याच पावसाळ्यानंतर खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघाल्या, मागचं दार लागेना, बाथरूमचं पाणी मोरीकडे न जाता हॉलमध्ये यायला लागलं.

सगळ्यात जास्त जळतं ते पायाच्या खड्ड्याचं. मी तिथं उभा होतो. खड्डा जेमतेम चार फूट, तळाशी काळीभोर माती, मुरूम कुठंच नाही. आमच्या वर्धा-यवतमाळकडची ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. माझ्याच वावरात मे महिन्यात बैलाचा खूर जाईल एवढ्या भेगा पडतात. मी विचारलं सुद्धा. बिल्डरनं इंजिनिअरच्या सही-शिक्क्याचा नकाशा पुढं केला, "डिझाइन पास आहे जी भाऊ, काहून टेन्शन घेता?" शिक्का मारलेल्या कागदासमोर शेतकऱ्यानं काय बोलावं? भर उन्हात कॉलम उघडे होते, पोती नाहीत, पाणी नाही. तेही विचारलं. "टँकर येऊनच राहिला," म्हणे. सिमेंटला किमान सात दिवस ओल लागते. तुम्ही बांधकाम चालू असतानाच जा, तेही न सांगता. रंग लागल्यावर काही दिसत नाही.

"आठ फ्लॅटले रेरा लागत नाही," हे त्याचं दुसरं खोटं. रेरा म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा, त्यात प्रकल्पाची नोंदणी लागते. एकाच सात-बाऱ्यावर आठ-आठच्या दोन इमारती, म्हणे टप्पे वेगळे. कायद्यात आठची मोजणी सगळे टप्पे धरून होते. महारेरा, म्हणजे हा कायदा राबवणारं राज्याचं प्राधिकरण, त्याच्या साइटवर नोंदणी क्रमांक सापडला नाही तर तिथूनच परत फिरा. करार नोंदवण्याआधी 10 टक्क्यांपेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत, म्हणजे माझ्याकडून 2,34,000. त्यानं 6,00,000 घेतले, त्यातले 2,50,000 रोख, बिनपावतीचे. राष्ट्रीयीकृत बँकेनं कर्ज नाकारलं तेव्हा त्यानंच पतसंस्था गाठून दिली. मोठी बँक नाही म्हणत असेल तर कारण लेखी मागा.

आणि दाद कुठं मागायची? पोलीस म्हणाले, दिवाणी बाब आहे. नोंदणी कार्यालय म्हणालं, आम्ही फक्त दस्त नोंदवतो, इमारत बघत नाही. नगरपरिषदेत तर कळस! भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला, नाही म्हणून नळ देत नाहीत, पण त्याच फ्लॅटची घरपट्टी 4,860 रुपये बिनबोभाट लावली. वसुलीला इमारत कायदेशीर, पाण्याला बेकायदेशीर? नकाशा मंजूर करणारा साहेब प्लिंथ (जोतं) तपासायला आलाच नव्हता, हे त्याच्याच फाइलवरून दिसतं. विचारलं तर "अर्ज ठेवून जा." अर्ज ठेवले. पोच मागितली की कपाळाला आठ्या.

ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर बिल्डरनं 30 दिवसांत फुकट दुरुस्त करायचा, असं रेरा कायद्यात आहे. म्हणून आता 5,000 रुपये फी भरून महारेराकडे तक्रार टाकतोय. भेगांचे फोटो तारखेसकट ठेवलेत. रोख दिलेल्या पैशाचा मात्र पुरावा नाही. कोणीही रोख देऊ नका, सख्ख्या भावानं सांगितलं तरी.

मागच्या इमारतीची बुकिंग अजून सुरू आहे, रंगही देऊन झालाय. तिथं इसार दिला असेल तर पुढचा हप्ता थांबवा आणि भोगवटा प्रमाणपत्र हातात पडल्याशिवाय खरेदीखतावर सही करू नका.