शस्त्रविक्रीचा जाब विचारायचा, तर कशाच्या आधारावर?

आपल्या सरकारच्या परवान्याने परदेशी गेलेली शस्त्रं कुणावर चालतात, हा प्रश्न ज्याला लावून धरायचा आहे त्याच्यापुढे तीन आंतरराष्ट्रीय चौकटी असतात. संयुक्त राष्ट्रांची नोंदवही, वासेनार आणि शस्त्रव्यापार करार. तिन्हींची नावं एका दमात घेतली जातात, पण कामं अगदी वेगळी आहेत.

नोंदवही सर्वांत जुनी, १९९१ च्या ठरावातून आलेली. वर्षभरात किती रणगाडे, लढाऊ विमानं, युद्धनौका, क्षेपणास्त्रं विकली आणि घेतली, हे देशांनी स्वखुशीने कळवायचं. विकणाऱ्याचा आकडा आणि घेणाऱ्याचा आकडा शेजारी ठेवले की तफावत दिसते, आणि प्रश्न विचारायला तेवढी पुरते. पण प्रकार सातच. तोफांच्या रकान्यात ७५ मिलिमीटर आणि त्यावरच्याच तोफा बसतात. एक-दोन माणसं उचलून नेतात ती ६० मिलिमीटरची उखळी तोफ त्या रकान्यात येतच नाही. रायफलींची माहिती दिली तर दिली. गावंच्या गावं उठवायला हीच हलकी शस्त्रं पुरतात, म्हणून ही उणीव मला फार खुपते.

वासेनारला बातम्यांत करार म्हणतात, पण कायद्याने बांधणारा तो करार नव्हे. १९९६ पासूनची ही ४२ देशांची आपसातली समजूत आहे. भारत २०१७ मध्ये आला. चीन बाहेर आहे. याचं बळ याद्यांत आहे. शस्त्रं आणि लष्करी-नागरी दोन्ही कामांना चालणारं तंत्रज्ञान यांच्या तपशीलवार याद्या बनतात आणि देश त्या आपल्या कायद्यात घेतात. मात्र परवाना द्यायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. चर्चा बंद दाराआड होते, त्यामुळे नागरिकाच्या हाती फारसं लागत नाही.

राहिला शस्त्रव्यापार करार. २ एप्रिल २०१३ रोजी १५४ देशांनी बाजूने मत दिलं, इराण, सीरिया आणि उत्तर कोरियाने विरोधात. भारत तटस्थ राहिला. २४ डिसेंबर २०१४ पासून तो लागू आहे. इथे मात्र ‘नाही’ म्हणण्याची सक्ती आहे. वंशसंहारासाठी शस्त्रं वापरली जातील हे माहीत असेल, तर कलम ६ नुसार विक्री थेट निषिद्ध. बाकी प्रत्येक निर्यातीआधी कलम ७ प्रमाणे धोका तपासायचा. ही कलमं कोर्टातही नेता येतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये हेगच्या अपील न्यायालयाने एफ-३५ विमानांचे सुटे भाग इस्रायलला पाठवणं सात दिवसांत थांबवा, असा आदेश डच सरकारला दिला, तेव्हा युरोपीय संघाच्या नियमांबरोबर या कराराचाही आधार होता. पुढे सर्वोच्च न्यायालयाने निर्णय सरकारकडे परत सोपवला, पण परवान्याचा फेरविचार करायला लावूनच.

त्रुटी इथेही आहेत. अमेरिका आणि रशिया कराराचे पक्ष नाहीत. मोडणाऱ्याला शिक्षा नाही. दारूगोळ्याच्या निर्यातीला कलम ६ आणि ७ लागतात, पण वार्षिक अहवालात तो सांगण्याची सक्ती नाही.

तरी तुमचा देश कराराचा पक्ष असेल, तर मी दुसरीकडे बघणार नाही. धोक्याची तपासणी कधी केली आणि त्यात काय निघालं, हेच आधी विचारावं. पक्ष नसेल, तर देशाचा निर्यात कायदा आणि नोंदवहीतले आकडे हीच सुरुवात. करारातल्या देशांच्या वार्षिक अहवालाची मुदत ३१ मे असते. तो जाहीर न करण्याची मुभा देशांना आहे, म्हणून पत्र त्याआधीच पोहोचलेलं बरं.