14 महिने, मनगटावर एकच घड्याळ

घड्याळ घरी आणलं तेव्हा आण्णांनी हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि विचारलं, "ह्यात येगळं काय दावतंय?" म्हटलं, काही नाही, वेळ आणि तारीख. "मग मोबाईल कशाला घेतलाईस?" बायको एवढंच म्हणाली की तेवढ्यात गुजरीतनं, म्हणजे आमच्या सराफ बाजारातनं, पाटल्या झाल्या असत्या. या 14 महिन्यांत सोनं कुठल्या कुठं गेलंय आणि माझं घड्याळ विकायला काढलं तर घेतलेल्या किमतीला कोण विचारणार नाही. त्यामुळं घरात पाटल्यांचा विषय निघाला की मी चपला घालून बाहेर पडतो.

आधी माझ्याकडं चार घड्याळं होती. दोन बॅटरीची, एक जपानी ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीनं आपोआप चावी बसणारं), एक क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉचवालं. चारही विकली, वर बरीच भर घातली आणि पुण्यात जाऊन एक स्विस ऑटोमॅटिक घेतलं. बिल 2 लाखांच्या पुढं, म्हणून पॅन कार्ड द्यावं लागलं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव आलं की घड्याळ राहतं बाजूला आणि माणसं नावावरनं भांडायला लागतात. 39 मिमीची 316एल स्टीलची केस, सफायरची काच, स्क्रूची चावी, 100 मीटरचं वॉटर रेझिस्टन्स, 70 तासांचा पॉवर रिझर्व्ह (काढून ठेवलं तरी तेवढा वेळ चालतं) आणि सीओएससीचं, म्हणजे घड्याळाची अचूकता तपासणाऱ्या स्विस संस्थेचं, प्रमाणपत्र. ठरवलं होतं की रोज हेच घालायचं, एकच लक्झरी घड्याळ पुरतं का ते बघायचं. कारखाना, लग्न, पाऊस, प्रवास, सगळीकडं.

माझं कोल्हापूरच्या उद्यमनगरात ग्राइंडिंगचं जॉबवर्क आहे, म्हणजे कंपन्यांचे धातूचे भाग (आमच्या भाषेत जॉब) घासून मापात आणून द्यायचे. हे आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. एसी ऑफिसात बसणाऱ्यानं माझा अनुभव अर्धाच घ्यावा.

पहिल्या दोन महिन्यांत मी रोज सकाळी मोबाईलशी वेळ जुळवून वहीत लिहायचो. दिवसाला सरासरी 3 सेकंद पुढं. सीओएससीवाले 15 दिवस, 5 स्थितींत आणि 8, 23, 38 अंश अशा तीन तापमानांत तपासतात आणि दिवसाला 4 सेकंद मागं ते 6 सेकंद पुढं एवढी सूट देतात. म्हणजे माझं बसलं. दिवसात 86,400 सेकंद असतात, त्यात 3 म्हणजे किती? आमच्या भाषेत 100 मिमीच्या शाफ्टला साडेतीन मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग). एवढं धरायला आमच्याकडं चांगलं मशीन, चांगला ऑपरेटर आणि शांत दिवस लागतो. इथं ते एक केसाएवढी स्प्रिंग, म्हणजे हेअरस्प्रिंग, करते, तेही मी स्कूटरवरनं खड्ड्यातनं जात असताना. हा हिशेब कळला त्या दिवशी पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं. (हिशेब आण्णांना सांगितला. "मोबाईलाचं किती चुकतंय?" एवढंच विचारलं.)

मग किरणोत्सव आला. नोव्हेंबरच्या 9, 10, 11 तारखेला मावळतीची किरणं महाद्वारातनं आत येऊन अंबाबाईच्या चरणांपासून वर चढत जातात. पुन्हा जानेवारीच्या शेवटी. त्या वेळी मिनिटामिनिटाला महत्त्व असतं. किरणं आता कुठंवर आली, किती वाजून किती मिनिटांनी आली, सगळी गर्दी तेच बोलत असते. शेजारच्या माणसानं वेळ सांगितली, मी माझ्या घड्याळात बघितलं, तर माझं पाच मिनिटं पुढं. परवा दिवशीच मी ते लावलं होतं. आधी वाटलं त्या माणसाचंच चुकलंय. मोबाईल काढला, तर माझंच.

दुसऱ्या दिवशी महाद्वार रोडजवळच्या आमच्या घड्याळवाल्या काकांकडं गेलो. आण्णांची एचएमटी जनता तेच बघतात. त्यांनी घड्याळ उघडलंसुद्धा नाही. ड्रॉवरमधनं एक होकायंत्र काढलं आणि घड्याळाशेजारी ठेवलं. सुई थरथरायला लागली. "मॅग्नेट कुठं लावलासा?"

सरफेस ग्राइंडर. जॉब पकडायला त्यावर मॅग्नेटिक चक असतो आणि मी डाव्या हातानं जॉब उचलतो. दिवसातनं शंभर वेळा. हेअरस्प्रिंगच्या वेढ्यांना मॅग्नेट लागलं की वेढे एकमेकांना चिकटायला बघतात, स्प्रिंगची कामाची लांबी कमी होते आणि घड्याळ पळायला लागतं. माझ्याच शॉपमध्ये जॉबचं मॅग्नेट उतरवायचं टेबल आहे. गिऱ्हाइकाला माल देताना प्रत्येक जॉब त्यावरनं फिरवून देतो, आणि मनगटावरचं डोक्यातच आलं नाही! काकांनी छोट्या डिमॅग्नेटायझरवर घड्याळ धरून हळूहळू लांब नेलं. पाच सेकंदांत काम झालं. पैसे घेतले नाहीत, भिंग लावून पाच मिनिटं डायल बघत बसले तेवढंच.

यात घड्याळाचा दोष नाही. आयएसओच्या नियमात घड्याळाला अँटीमॅग्नेटिक म्हणायला 4,800 अँपिअर प्रति मीटर, म्हणजे साधारण 60 गॉस सोसलं की पुरतं (गॉस म्हणजे मॅग्नेटच्या जोराचं माप). घरात, ऑफिसात चालून जातं. चकच्या तोंडाशी चालत नाही. रोलेक्सनं 1956 मध्ये मिलगॉस काढलं ते 1,000 गॉससाठी, आणि ओमेगाची मास्टर क्रोनोमीटर घड्याळं 15,000 गॉसला तपासतात, त्यांची हेअरस्प्रिंग सिलिकॉनची असते. माझ्यासारखा धंदा असेल तर दुकानात गेल्यावर डायलचा रंग नंतर बघा, आधी हा आकडा विचारा. मी रंग बघितला होता.

दुसरी गोष्ट चऱ्यांची. सफायरला चरा पडत नाही असं सगळे सांगतात आणि बहुतेकांच्या बाबतीत ते खरंच आहे. कडकपणाच्या मोह्ज मापावर ती 9, वर फक्त हिरा. पण सफायर म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड आणि आमच्या पांढऱ्या ग्राइंडिंग व्हीलचे दाणेही ॲल्युमिनियम ऑक्साइडचेच. भाऊबंदकीच ती. शर्टाच्या बाहीनं धूळ पुसताना चारच्या आकड्याजवळ बारीक रेघ पडली, उन्हात तिरकं धरलं की दिसते. स्टीलचं तर विचारूच नका. पहिला चरा शटर ओढताना पडला, त्या रात्री जेवण गेलं नाही. आता मोजत नाही. पॉलिश करून देतो म्हणणारे भेटतात, पण पॉलिश म्हणजे धातू काढणं, आणि धातू काढायचं काम मी स्वतःच करतो. कडा एकदा गोल झाली की ती परत येत नाही.

बाकी ठिकाणी मात्र घड्याळानं काही म्हणजे काही त्रास दिला नाही. कोल्हापूरचा पाऊस अंगावर घेतला, विसर्जनाला गुलालात माखलं, उन्हाळ्यात पंचगंगेत पोहलो. 100 मीटर म्हणजे 100 मीटर खोल जायचं असं नव्हे, तो दाबाचा आकडा आहे. पोहायला भरपूर झालं, फक्त चावी फिरवून बंद केलीय का ते घाटावरच बघायचं. घरी आलं की साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश. एप्रिल-मे मध्ये दुपारी मनगट फुगतं, तेव्हा पट्ट्याच्या कडीतली, बोटानं सरकवून पट्टा सैल करायची सोय मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली. पाच टप्पे, 8 मिमी. दुकानात हिच्याबद्दल कोणी एक अवाक्षर काढलं नव्हतं.

एकच घड्याळ असण्याचा खरा आराम तारखेचा आहे. 31 दिवसांच्या नसलेल्या महिन्यांनंतर तारीख हातानं सरकवावी लागते, म्हणजे वर्षातनं 5 वेळा. चार घड्याळं होती तेव्हा त्यातलं कुठलं तरी नेहमीच बंद असायचं. सकाळी कामावर जायच्या घाईत कोण वेळ लावत बसणार, म्हणून शेवटी बॅटरीचंच हातात यायचं. आता शनिवारी संध्याकाळी काढून ठेवलं तरी सोमवारी सकाळी चालू असतं.

लग्नकार्यात घड्याळाकडं कोणी ढुंकून बघत नाही. आमच्याकडं नजर जाते ती अंगठ्यांवर आणि गळ्यातल्या चेनवर. चोरीची भीती म्हणूनच कमी, एसटी स्टँडवरही मी ते झाकत नाही.

ओळखलं ते एकाच माणसानं, आणि नको तिथं. पुण्याच्या एका कंपनीत रेट वाढवून मागायला गेलो होतो. लाईट बिल, पगार, व्हील, सगळं किती वाढलं ते कागदावर मांडून नेलं होतं. परचेसच्या साहेबांनी कागद बाजूला ठेवला, मनगटाकडं बघितलं आणि हसून म्हणाले, "शेठ, तुमचं बरं चाललंय की." पुढं बोलणंच झालं नाही. चहा पिऊन परत आलो. हायवेला किणी टोलनाक्यापर्यंत मी एक हात स्टिअरिंगवर आणि एक मांडीखाली घालून गाडी चालवत होतो.

तर एक लक्झरी घड्याळ पुरतं का? दुसरं लक्झरी लागत नाही, हे मी खात्रीनं सांगतो. 14 महिन्यांत एकदाही ती चार परत हवीत असं वाटलं नाही. पण माझ्या धंद्यात एकट्यानं भागत नाही. आता ऑफिसच्या टेबलावर, ग्राइंडरपासून चांगलं दहा फूट लांब, एक लाकडी डबी आहे. शॉपवर आलो की स्विस डबीत आणि हातात कॅसिओ एफ-91डब्ल्यू. 1989 पासूनचं मॉडेल, प्लॅस्टिकचं. त्यात हेअरस्प्रिंगच नाही, त्यामुळं चकला भीत नाही. महिन्याला 30 सेकंद इकडंतिकडं, म्हणजे माझ्या प्रमाणपत्रवाल्यापेक्षा बरंच कमी चुकतं. जॉबचा सायकल टाइम मोजायला स्टॉपवॉचही त्यातच. संध्याकाळी हात धुतले की पुन्हा अदलाबदल.

सर्व्हिसचा अनुभव अजून नाही. वॉरंटी 5 वर्षांची आहे, पुढचं पुढं बघू. काकांनी आताच सांगून ठेवलंय की उघडायचं झालं तर माझ्याकडं आणू नका, फक्त बघायला आणा.

गेल्या महिन्यात पुण्याला पुन्हा गेलो. तोच कागद, आकडे तेवढे नवीन. नगामागं 75 पैसे वाढवून मिळाले. हातात कॅसिओ होतं.