एकच ओळ पिवळी केलेली होती

ताईला स्तनाचा कॅन्सर. किमो संपली आणि पुण्यात लाईट, म्हणजे किरणोपचार, घेणं सुरू झालं. तीन आठवडे, १५ बैठका. हार्मोनचा परिणाम अडवणारी टॅमॉक्सिफेनची २० मिलिग्रॅमची रोजची गोळी सोबत चालूच.

हॉस्पिटलबाहेरच्या चहाच्या टपरीवर एक गृहस्थ भेटले. इस्त्रीचा शर्ट, बोलायला गोड. "हार्मोनची गोळी चालू आहे? मग लाईट फुकट जाणार, दादा." त्यांनी फाईलमधून इंग्रजी कागद काढला. एकच ओळ पिवळी केलेली: टॅमॉक्सिफेन दिलेल्या कॅन्सरच्या पेशी किरणांनी कमी मरतात. रात्री मी नेटवर शोधलं, तर तसा प्रयोग खरंच झालेला. इथंच मी फसलो. साफ खोटं असतं तर पकडलं असतं.

गोळी कायमची बंद, त्याऐवजी थेंब. तीन बाटल्यांचे १८,५०० रुपये यूपीआयनं दिले. लेबलवर ना परवाना नंबर, ना बॅच नंबर; एक्स्पायरी चक्क बॉलपेननं लिहिलेली. तेही मला नंतर दिसलं.

दहाव्या बैठकीला डॉक्टरांनी सहज विचारलं, "गोळी चालू ना?" ताईनं माझ्याकडं पाहिलं.

मॅडम ओरडल्या नाहीत. केसपेपरच्या मागं पेशीचं चक्र काढलं. टॅमॉक्सिफेन पेशीला विभाजनाआधीच अडवून धरतं, आणि अशा थांबलेल्या पेशीला किरणांचा मार कमी लागतो. पण हे प्रयोगशाळेतल्या बशीत. लेट्रोझोल या दुसऱ्या हार्मोनच्या गोळीनं तर बशीतल्या पेशी उलट जास्त मरताना दिसल्यात! प्रत्यक्ष बायकांमध्ये गोळी लाईटसोबत दिली काय नि नंतर दिली काय, गाठ परत येण्यात फरक आढळला नाही. काही डॉक्टर ती लाईट संपल्यावर सुरू करतात, ते मुख्यतः फुप्फुसाला त्रास नको म्हणून. "पुढं ढकलणं वेगळं, बंद करणं वेगळं," त्या म्हणाल्या. ताईसारख्या, हार्मोनवर वाढणाऱ्या कॅन्सरमध्ये पाच वर्षांची गोळी त्या कॅन्सरनं होणाऱ्या मृत्यूचं प्रमाण जवळपास एक तृतीयांशानं खाली आणते. आम्ही ती ११ दिवस बंद ठेवली होती.

गृहस्थांचा फोन बंद. ऑनलाईन फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली, अन्न व औषध प्रशासनाकडं अर्ज दिला. कॅन्सर बरा करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे, हे तेव्हा कळलं. पुराव्यासाठी एक बाटली कपाटात ठेवलीय.

परवा टपरीवाल्याला विचारलं. म्हणाला, "ते साहेब आता सकाळी नाही, दुपारच्या पेशंटांच्या वेळेला येतात."