ओल्ड बेली ऑनलाइन: फुकट आहे आणि इतिहासाची आवड असेल तर वाचाच

ब्रिटिशांनी ऑस्ट्रेलियात पाठवलेल्या कैद्यांबद्दल वाचायचंय असं कोणी म्हटलं की मी आधी ही वेबसाइट सांगते. लंडनच्या ओल्ड बेली कोर्टातले 1674 ते 1913 पर्यंतचे जवळजवळ दोन लाख खटले, त्या त्या वेळी छापलेल्या रिपोर्टसकट, नाव टाकून शोधता येतात, पैसे एक नाही.

जॉन हडसन टाका, डिसेंबर 1783. चिमण्या साफ करणारा पोरगा, घरफोडीचा आरोप. कोर्ट विचारतं वय किती, तो म्हणतो नववं चाललंय. काम काय करतोस? काही नाही, कधीकधी चिमण्या साफ करतो. आईबाप आहेत? मेले. कधी? माहीत नाही. मला तर इथेच गलबलून आलं, कारण एवढ्याशा गरीब पोराचं बोलणं अडीचशे वर्षांनी असं जसंच्या तसं कुठे वाचायला मिळतं हो!

चोरी म्हणजे एक लिननचा शर्ट, पाच रेशमी मोजे, एक पिस्तूल, दोन एप्रन. टेबलावर काजळीने उमटलेले पायाच्या बोटांचे ठसे मालकाने कागदावर उतरवून घेतलेले, आणि एका बाईने त्याला पाण्याच्या टबाशी अंग धुताना पाहिलेलं. रात्रीची घरफोडी शाबित झाली असती तर फाशीच होती, पण जज म्हणाला की पोराच्या कबुलीवर फार विसंबू नका, उजाडल्यावरही तो आत शिरला असेल. मग नुसत्या चोरीसाठी सात वर्षं हद्दपारी. अशा पोराला नाशापासून ओढून काढावंसं वाटतं असंही तोच जज म्हणतो, आणि शिक्षा ही! मला हे पटत नाही, पण ते समोर छापलेलं असल्यामुळे आपल्याला स्वतः वाचून ठरवता येतं, ही या साइटची खरी ताकद.

कमी काय, तर खटला संपला की इथली गोष्टही संपते. 1784 मध्ये त्याला अमेरिकेला न्यायला मर्क्युरी जहाजावर चढवलं, तिथे कैद्यांनी बंड केलं, हा पुन्हा पकडला गेला, मग प्लिमथला कैद्यांच्या जुन्या जहाजावर डांबला, 1787 ला ऑस्ट्रेलियाला कैदी नेणाऱ्या पहिल्या ताफ्यातल्या फ्रेंडशिप जहाजातून निघाला आणि जानेवारी 1788 मध्ये पोचला तेव्हा जेमतेम तेरा वर्षांचा, पुढे नॉरफोक बेटावर रात्री नऊनंतर झोपडीबाहेर दिसला म्हणून 50 फटके, हे सगळं दुसरीकडे शोधावं लागतं. त्यासाठी डिजिटल पॅनॉप्टिकॉन ही जोडीची साइट आहे, तीही फुकट, लंडनच्या 90,000 कैद्यांचे वेगवेगळे रेकॉर्ड तिथे जोडलेत. शिवाय ओल्ड बेली म्हणजे फक्त लंडन आणि आजूबाजूचा भाग, आयर्लंडहून गेलेले हजारो कैदी इथे शोधू नका. आणि रिपोर्ट छापताना काटछाट व्हायची, कित्येक खटले चार ओळींत उरकलेत.

आपण गोवेकरांना हा विषय परका नाही. पोर्तुगाल आपले गुन्हेगार शिक्षा म्हणून इथे पाठवायचं आणि इथून टी. बी. कुन्हांसारख्या स्वातंत्र्यसैनिकांना पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात नेऊन ठेवलं. आग्वादचा जेल आता म्युझियम झालाय, तिथे मुलांना नेता तसं एखाद्या रविवारी ही साइट पण दाखवा. आणि पणजीच्या पुराभिलेखातल्या पोर्तुगीज कागदांसाठी अशी नाव टाकून शोधायची सोय, मराठी-कोकणीतून, व्हायलाच हवी, मला मनापासून वाटतं.

अकरावी-बारावीच्या मुलांना इंग्रजी जुनं वाटेल, म्हणून सोबत बसून वाचा. हडसननंतर मेरी वेड, जानेवारी 1789. एका लहान मुलीचे कपडे चोरले म्हणून अकरा-बारा वर्षांच्या पोरीला फाशी सुनावली, मग ती हद्दपारीवर आली, आणि ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान केव्हिन रड तिच्याच वंशातले.